आत्याची गोळी आणि गिधाडं

परवा घिवलीला आत्याकडे गेलो होतो. गुडघ्यांचं रडगाणं जुनंच. जन्मभर मासळीची पाटी डोक्यावर, दुसरं काय होणार! गोळ्यांचा डबा उघडला तर डायक्लोफिनॅकची पट्टी अर्धी संपलेली. शेजारणीने दिली म्हणे. बाजूलाच रक्तदाबाची गोळी आणि सुजेवरची, लघवी जास्त होण्याची. मला एकदम गिधाडं आठवली.

हसू नका! १९९०च्या दशकात आपल्याकडची गिधाडं झपाट्याने संपत गेली. कारण सापडलं २००४ मध्ये. गुरांना दुखण्यावर हेच औषध टोचायचे. ते गुरू मेलं की त्याचं मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. २००६ मध्ये जनावरांसाठीचं डायक्लोफिनॅक बंद झालं. तरी माणसांच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जातच राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये इंजेक्शनची बाटली ३ मिलीवर आणली.

माणूस गिधाडाइतका नाजूक नाही, कबूल. पण ही औषधं मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात. त्यात वय, रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि लघवीची गोळी एकत्र आली की.. पोटातला रक्तस्राव वेगळाच. गिधाडांसाठी कायदा झाला. आत्याच्या डब्यात कोण डोकावणार?

डॉक्टरांकडे अख्खा डबाच नेला. त्यांनी ती पट्टी काढून घेतली, पॅरासिटामॉल लिहून दिलं, क्रिएटिनिन तपासायला सांगितलं. रिपोर्ट उद्या येईल. आत्या मात्र फुरंगटून बसलीय. म्हणते, "मेल्या, उद्या पाटी तू उचलशील का?"