वायद्याचा दिवस

शेअरबाजारात माणसं का बुडतात असं विचारलं की ‘हाव’ हे उत्तर ठरलेलं असतं. फोर्टात एका दलालाच्या पेढीवर उमेदीची वर्षं काढल्यावर मला ते उत्तर अपुरं वाटतं. 1865 सालची मुंबई तर ते साफ खोटं ठरवते.

एप्रिल 1861मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. दक्षिणेकडची कापसाची बंदरं रोखली गेली, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्या कापसाविना अडल्या आणि मुंबईच्या कापसाला तोंड मागेल तो भाव मिळू लागला. लोकांनी गाद्या उसवून कापूस विकला, असं आजही सांगतात. शहरात पैसा आला. तो घालायला बँका निघाल्या, पेढ्या निघाल्या आणि समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या. त्यांत बॅकबे कंपनीचा बोलबाला सर्वांत मोठा. 5,000 रुपये भरलेला तिचा शेअर 50,000 रुपयांपर्यंत चढला. जमीन अजून पाण्याखालीच होती!

मग लोक नेमकं काय विकत घेत होते? माझ्या मते, नाव. कंपनीमागे त्या काळचे बडे दलाल प्रेमचंद रायचंद आहेत, एवढं कळलं की पुरे. बँक ऑफ बॉम्बेनेही त्यांच्या शब्दाला मान देऊन शेअरांच्या तारणावर सढळ हाताने कर्जं दिली. आमच्या पेढीवरही गिऱ्हाईक ताळेबंद क्वचितच मागायचं. त्याचा पहिला प्रश्न असायचा, ‘‘मोठं कोण घेतंय?’’ शेजारी पुढे निघून जाईल आणि आपण मागे राहू, ही धास्ती त्या प्रश्नात असते. हावेपेक्षा ती फार जुनी आणि फार माणसासारखी.

9 एप्रिल 1865 रोजी दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण आला आणि युद्ध संपत आलं. बातमी पोचली तसा कापूस कोसळला. पण घात केला तो वायद्याने. पुढच्या तारखेला पैसे देईन असं म्हणून लोकांनी चढ्या भावात शेअरांचे सौदे केले होते आणि बहुतेकांची ती तारीख होती 1 जुलै. तोवर थोडं नुकसान सोसून मोकळं होणं काहींना तरी जमलं असतं. पण पडलेला भाव खरा मानायला मन तयार होत नाही; घेतला तोच भाव डोळ्यांपुढे राहतो. पेढीवर मी शहाणीसुरती माणसं ‘‘वर आला की काढतो’’ म्हणत महिनोन्‌महिने बसलेली पाहिली आहेत.

1 जुलैला विकणारे शेअर घेऊन उभे राहिले आणि घेणाऱ्यांपाशी पैसा नव्हता. जो एकाचा देणेकरी तोच दुसऱ्याचा घेणेकरी, त्यामुळे एक बुडाला की मागची रांग बुडाली. बँक ऑफ बॉम्बेचा 2,850 रुपयांना गेलेला शेअर 87 रुपयांवर आला आणि 1868मध्ये ती बँकच गुंडाळावी लागली.

डॉ. भाऊ दाजी लाड याच लाटेत बुडाले. गोव्यातल्या मांद्र्याहून आलेला हा माणूस नामांकित वैद्य होता, प्राचीन शिलालेख वाचणारा पंडित होता. त्यांची संपत्ती गेली. तरी मुंबईने पुढे त्यांना दोनदा शेरीफ केलं, आणि भायखळ्याचं वस्तुसंग्रहालय आज त्यांच्या नावाने उभं आहे. तेव्हा सट्ट्यात बुडालेल्याला मूर्ख किंवा लोभी म्हणण्याआधी भाऊ दाजींची आठवण ठेवा, आणि स्वतः शेअर घेताना ‘‘कोण घेतंय?’’ याआधी ‘‘काय घेतोय?’’ हे विचारा.