मोठी गाडी वळणावर का डुलते?

आमच्या गावच्या भाटकाराकडे पोर्तुगीज अमदानीत आलेली एक लांबलचक अमेरिकन गाडी होती म्हणे. मी पाहिली ती फक्त लोकांच्या बोलण्यातून. पण तिचं वर्णन करताना जुनी माणसं हमखास होडीवर यायची. बसायला लोण्यासारखी, वळणावर मात्र नदीत भरती असताना होडी डुलावी तशी डुलायची. फेरीबोटीवर चढवताना ड्रायव्हरला घाम फुटायचा आणि घाटात मागे बसलेल्यांना मळमळायचं. या बोलण्यात एक गृहीत असायचं, ते म्हणजे गाडी मोठी आणि जड आहे, मग ती डुलणारच.

मी कला शाखेचा पदवीधर, सरकारी कचेरीत कारकुनी करणारा माणूस. स्प्रिंग आणि ॲक्सलशी माझा संबंध प्रवाशाइतकाच. पण इतिहासाच्या नादाने वाचता वाचता लक्षात आलं की हे गृहीत पुरतं खरं नाही. मोठी गाडी आरामशीरही असावी आणि हातातही राहावी, हे कोडं १९३० च्या दशकातच बरंचसं सुटलं होतं. ते सोडवण्यात मोठा वाटा होता मॉरिस ऑली या माणसाचा.

ऑली मूळचा रोल्स रॉइसचा. खुद्द हेन्री रॉइसच्या हाताखाली शिकलेला आणि नंतर कंपनीच्या अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्ड कारखान्यात मुख्य अभियंता. १९३० साली तो कॅडिलॅकमध्ये, म्हणजे जनरल मोटर्समध्ये आला. त्या काळच्या मोठ्या गाड्या दणकट होत्या, पण खराब रस्त्यावर मागच्या सीटवरचा माणूस अक्षरशः उडायचा. गाडी घोड्यासारखी पुढे मागे झुलायची. स्प्रिंग आणखी मऊ करा, असं सगळे म्हणत. पण कुठली आणि किती, हे कोणालाच नीट सांगता येत नव्हतं.

१९३२ साली ऑलीने एक गमतीदार गाडी तयार केली. सात आसनी लिमोझिन, तिच्या पुढे आणि मागे हलवता येणारी वजनं, आणि पाहिजे तशा बदलता येणाऱ्या स्प्रिंगा. वजन इकडे सरकव, स्प्रिंग बदल, चक्कर मार, पुन्हा बदल. मोजायला धड उपकरणं नव्हती, त्यामुळे शेवटचा निकाल बसणाऱ्याच्या पाठीने द्यायचा! निष्कर्ष मात्र रूढ पद्धतीच्या उलटा निघाला. तेव्हा पुढच्या स्प्रिंगा कडक आणि मागच्या मऊ असत. ऑलीला आढळलं की पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षा मऊ हव्यात.

हे का, ते झोपाळ्यावरून समजतं. खड्डा आधी पुढच्या चाकांना लागतो, मग मागच्या. म्हणजे पुढचा झोका आधी सुरू होतो, मागचा उशिरा. उशिरा सोडलेल्या झोपाळ्याने आधीच्याला गाठायचं असेल तर त्याची दोरी आखूड हवी, त्याचा झोका जलद हवा. मागची स्प्रिंग थोडी कडक असली की मागचा झोका पुढच्याला गाठतो आणि गाडी पुढे मागे न झुलता सपाट वर खाली होते. पोट ढवळत नाही.

पण पुढच्या स्प्रिंगा मऊ करायला गेलं की दुसरंच दुखणं उभं राही. पुढची दोन्ही चाकं एका अखंड लोखंडी ॲक्सलला बांधलेली. एक चाक दगडावर चढलं की ॲक्सल तिरका, म्हणजे दुसरं चाकही तिरकं. फिरतं चाक असं कलंडलं की ते आडवा झटका देतं आणि स्टेअरिंग हातात थरथरू लागतं. शिवाय पाट्यांना नुसतं वजन पेलायचं नसतं, ॲक्सलला जागेवर धरायचंही असतं, आणि मऊ पाट्यांना ते जमत नाही. तेव्हा आराम हवा तर ॲक्सलच तोडायला हवा होता, प्रत्येक चाकाला आपापली वाट द्यायला हवी होती. १९३३ च्या मार्चमध्ये अशा प्रायोगिक गाड्यांमधून कंपनीच्या वरिष्ठांना फिरवून आणलं, आणि १९३४ च्या मॉडेलांत स्वतंत्र पुढचं सस्पेन्शन बाजारात आलं. आल्फ्रेड स्लोन यांनी जनरल मोटर्सवर लिहिलेल्या आठवणींच्या पुस्तकात ही हकीकत ऑलीच्याच शब्दांत आली आहे. मंदीच्या ऐन कडाक्यात कंपनीने हा खर्च केला, हे नोंदवून ठेवण्यासारखं.

इथवर झाली आरामाची बाजू. पण माझ्या मते ऑलीचं खरं मोठेपण पुढच्या कामात आहे.

वळणावर टायर जिकडे तोंड करून असतो, नेमका तिकडेच जात नाही. रबर दबतं, पिळतं, आणि चाक काही अंश बाहेर सरकत जातं. फ्रान्समध्ये ब्रूलिए या अभियंत्याने १९२५ सालीच याकडे लक्ष वेधलं होतं. ऑलीने त्यावरून गाडीच्या स्वभावाचे दोन प्रकार पाडले. पुढचे टायर जास्त सरकले तर गाडी वळणाबाहेर रुंद जाते, ती अंडरस्टीअर. मागचे जास्त सरकले तर शेपूट बाहेर फेकलं जातं, ती ओव्हरस्टीअर. पहिल्या प्रकारात माणूस घाबरून स्टेअरिंग आणखी वळवतो, ॲक्सिलरेटर सोडतो, आणि बहुधा निभावतो. दुसऱ्या प्रकारात तोच घाबरलेला माणूस जिवाला मुकू शकतो. आज मोटारींच्या प्रत्येक मासिकात सापडणारे हे दोन शब्द रुळवले ते ऑलीनेच.

मग मोठ्या गाडीचं डुलणं आवरायचं कसं? स्प्रिंगा कडक करून नव्हे. दोन्ही बाजूंच्या चाकांना जोडणारी एक पोलादी कांब, अँटी रोल बार. दोन्ही चाकं एकदम वर गेली तर ती नुसती फिरते, आरामाच्या आड येत नाही. एकच बाजू दबली तर पिळली जाते आणि गाडीला कलंडू देत नाही. ती पुढच्या बाजूला बसवली की गाडी अंडरस्टीअरकडे झुकते, मागे बसवली की ओव्हरस्टीअरकडे. किती साधी वस्तू, आणि किती स्वस्त!

आणि तरीही १९५० च्या दशकातल्या मोठ्या अमेरिकन गाड्या होडीच राहिल्या. कंपन्यांनी ऑलीच्या विद्येतला मऊपणा तेवढा घेतला. १९५९ ची कॅडिलॅक सुमारे ५.७ मीटर लांब, म्हणजे आपल्या अँबॅसडरपेक्षा जवळजवळ दीड मीटर जास्त, आणि वजन दोन टनांवर. एका बोटाने फिरणारं पॉवर स्टेअरिंग, तापले की दम सोडणारे ड्रम ब्रेक. शोरूममध्ये शेपटीचे पंख दिसतात, कांब दिसत नाही.

याचा सर्वात कडवट दाखला एका लहान गाडीचा आहे, पण तो इथे टाळता येत नाही. मागे इंजिन असलेल्या गाड्यांच्या धोक्याबद्दल ऑलीने १९५३ सालीच एका निबंधात स्पष्ट लिहिलं होतं. तेव्हा तो जनरल मोटर्सच्याच शेव्हरोले विभागात होता. १९५५ मध्ये तो निवृत्त झाला, आणि १९६० च्या मॉडेल वर्षासाठी याच विभागाने मागे इंजिन असलेली कॉर्व्हेअर आणली, तीही पुढच्या कांबीशिवाय. पैसे वाचवायला! कांब आली १९६४ च्या मॉडेलमध्ये. १९६५ साली राल्फ नेडर यांचं पुस्तक आलं, गदारोळ झाला, आणि १९६६ मध्ये अमेरिकेत वाहन सुरक्षेचा कायदा झाला. न्यायाने हेही सांगायला हवं की १९७२ च्या सरकारी अहवालाने त्या गाडीला समकालीन गाड्यांपेक्षा वाईट ठरवलं नाही. पण म्हणून मला समाधान होत नाही. घरातल्याच माणसाने लिहून ठेवलेलं होतं, आणि फाइल कुठेतरी दबली. फायली कशा दबतात हे मला कोणी शिकवायला नको.

असो. मधल्या काळात युरोपात मिशलँने १९४६ साली रेडियल टायरचं पेटंट घेतलं होतं. अमेरिकन लिंकन कॉन्टिनेन्टल मार्क थ्रीवर तो कारखान्यातून बसून यायला १९७० उजाडलं. १९७७ साली शेव्हरोलेची कॅप्रिस एकदम आखूड आणि हलकी झाली. तिला एफ ४१ नावाचं वेगळं सस्पेन्शन पैसे भरून घेता येई. कडक स्प्रिंगा आणि जाड कांबी, बस. त्याच घराण्यातली १९९४ ची इम्पाला एसएस चारही चाकांना डिस्क ब्रेक घेऊन आली. पाच मीटरच्या वरची गाडी, पण वळणावर शहाण्यासारखी.

आज जुन्या मोठ्या गाड्या सांभाळणारे शौकीन जगभर हाच धडा हाताने गिरवतात. जाणता मेकॅनिक आधी नवं काहीच लावत नाही. झिजलेले रबरी बुश, बॉल जॉइंट, स्टेअरिंग बॉक्समधला ढिलेपणा एवढं काढलं की निम्मी होडी जमिनीवर येते. मग चांगले शॉक अब्सॉर्बर, मग रेडियल टायर. रेडियल लावले की अलाइनमेंट जुन्या पुस्तकाप्रमाणे ठेवून चालत नाही. त्या काळी स्टेअरिंग हलकं राहावं म्हणून कॅस्टर शून्याजवळ, कधी उलटाही ठेवत. पॉवर स्टेअरिंग असेल तर तो थोडा वाढवला की गाडी सरळ रस्त्यावर भरकटत नाही. त्यानंतर पुढची कांब जाड करायची. उत्साहाच्या भरात फक्त मागे जाड कांब लावणाऱ्याने ऑलीचं गणित आधी वाचावं. आणि पुढे डिस्क ब्रेक, कारण दोन टन थांबवणं हाही हाताळणीचाच भाग.

यावर शुद्धतावादी मंडळी नाक मुरडतात. गाडी कारखान्यातून आली तशीच राहावी, नाहीतर तिचा इतिहास बाटतो, असं त्यांचं म्हणणं. संग्रहालयात उभ्या गाडीबद्दल मला ते मान्य आहे. पण जी गाडी पोराबाळांना बसवून रस्त्यावर काढायची, तिच्यात ऑलीची कांब घालणं म्हणजे इतिहास पुसणं कसं? ही विद्या त्या गाडीच्याच काळातली, कित्येकदा त्याच कंपनीतली. ऑलीची तांत्रिक टिपणं मिलिकन पितापुत्रांनी २००२ साली ग्रंथरूपात आणली, आता ती कोणालाही वाचता येतात. आणि कांब चार बोल्टांवर बसते. मूळची काढून, ग्रीस लावून, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवली की पुढच्या पिढीला हवी तर परत बसवता येते.