घर आपलं, पण खालची जागा कोणाची?



परवा गटात घरकुलाचा विषय निघाला. घरकुल म्हटलं की आपण रकमेचंच बोलतो. इंदिरा आवास १९८५ मध्ये सुरू झाली, २०१६ पासून प्रधानमंत्री आवास आली, सपाट भागात १ लाख २० हजार मिळतात, वगैरे. पण बँकेत आयुष्यभर कर्जाचे कागद तपासल्यावर माझं मत पक्कं झालं: पैसा नंतरचा, आधी घराखालची जागा. त्या जागेसाठी आपल्या मध्यप्रदेशात कोणते कायदे झाले, ते आज थोडक्यात लिहितो.

जळगावकडचे नातेवाईक ज्याला गावठाण म्हणतात, त्याला आपण दापोऱ्यात आबादी म्हणतो. १९५९ च्या भू-राजस्व संहितेनं आबादीत रीतसर घर असणाऱ्याला त्या जागेचा भूमिस्वामी मानलं. हक्क मिळाला, पण कागद नाही. शेताला खसरा नंबर, नकाशा, पटवाऱ्याकडे नोंद. आबादी मात्र बहुधा सरसकट एकच तुकडा. कोणाची भिंत कुठपर्यंत, हे शेजाऱ्यालाच ठाऊक. म्हणून केळीच्या शेतावर कर्ज मिळायचं, पण त्याच शेतकऱ्याच्या चांगल्या बांधलेल्या घरावर बँक हात आखडता घ्यायची. गहाण काय ठेवणार?

ही झाली आपली गोष्ट. सालदारांची याहून कठीण. आपल्यापैकी बऱ्याच घरांत सालदार असत. त्यांची झोपडी मालकाच्या जागेत. साल सुटलं की घरही सुटलं. १९८० साली राज्यानं वास-स्थान दखलकार कायदा केला, तो राहत्या जागेवर अशा लोकांना भूमिस्वामी हक्क देण्यासाठी. माझ्या मते आपल्या भागातल्या गरिबाच्या घराचा इतिहास इथून वाचायला हवा.

शहरासाठी १९८४ चा पट्टा कायदा आला. अर्जुनसिंह तेव्हा मुख्यमंत्री होते. १० एप्रिल १९८४ रोजी सरकारी किंवा नगरपालिकेच्या जागेवर राहणाऱ्या भूमिहीनाला ५० चौरस मीटरपर्यंत जागेचा पट्टा. पुढे ही तारीख वेळोवेळी पुढे सरकवली गेली. पट्टा वारसाला मिळतो, पण विकता येत नाही. यात शहाणपण होतं. विकता आला असता तर लग्न-आजारपणात पहिला तोच गेला असता. पण जे विकता येत नाही ते बँकेच्या तारणात कमी उपयोगाचं. राखण झाली, पण भांडवल झालं नाही. हा पेच कायद्याला आजही पूर्ण सुटलेला नाही.

आबादीचा कागद यायला २०२० उजाडलं. २४ एप्रिलला स्वामित्व योजना जाहीर झाली. सुरुवातीच्या सहा राज्यांत आपलं राज्य होतं. चुन्यानं हद्दी आखायच्या आणि वरून ड्रोननं मोजणी. २०२१ मध्ये राज्यानं मुख्यमंत्री आवासीय भू-अधिकार योजना काढली: ज्या कुटुंबाला राहायला स्वतःची जागा नाही, त्याला आबादीत ६० चौरस मीटरपर्यंत भूखंड मोफत. पाच एकरांपेक्षा जास्त शेती, आयकर किंवा सरकारी नोकरी असेल तर मिळत नाही. म्हणजे आधी जागा, मग घरकुलाचे पैसे. हिशोब अखेर सरळ झाला.

आता आपल्यासाठी दोन शब्द. इंदूर, पुणे, सुरतेला स्थिरावलेल्यांनी गावच्या घराच्या अधिकार-अभिलेखात कोणाची नावं चढली आहेत ते एकदा पाहावं. आजोबांचं घर, तीन भावांच्या चुली, आणि कागदावर फक्त गावात राहणाऱ्याचं नाव, असं असेल तर आजच बसून बोला. बहिणींचा वाटाही विसरू नका. २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे.

आणि आपल्या शेतावर ज्यांनी साल काढली, त्यांच्या मुलांकडे राहत्या जागेचा कागद आहे का, तेही विचारा. नसेल तर अर्ज भरून द्यायला मदत करा. आपल्याकडे शिकलेले पुष्कळ आहेत.

तुमच्या घरी जुना पट्टा असेल तर त्याची हकिगत खाली जरूर लिहा.