मुंबईपलीकडचे कारखाने

1 मे 1960 रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, तेव्हा सोलापूर, नागपूर यांसारखी गिरण्यांची शहरे वगळता राज्यातील बहुतेक कारखाने मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्यात एकवटले होते. उद्योग या पट्ट्याबाहेर नेण्यासाठी राज्याने आधी जागेची सोय केली. 1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. जमीन संपादन करायची, रस्ते-पाणी आणायचे आणि भूखंड पाडून उद्योजकांना भाडेपट्ट्याने द्यायचे, हे त्याचे काम. पुढे ‘एमआयडीसी’ हा शब्दच बोलण्यात औद्योगिक वसाहतीसाठी रूढ झाला.

जागेपाठोपाठ सवलती आल्या. अविकसित भागात कारखाना काढणाऱ्यांसाठी 1964 मध्ये सामूहिक प्रोत्साहन योजना सुरू झाली. 1966 मध्ये स्थापन झालेल्या ‘सिकॉम’ या सरकारी वित्तसंस्थेने भांडवल पुरवण्याची जबाबदारी घेतली. योजनेचा कणा होता विक्रीकर. काही कारखान्यांना करमाफी मिळे. काहींना ग्राहकांकडून गोळा केलेला कर ठरावीक वर्षे वापरून नंतर भरण्याची मुभा असे. हे एक प्रकारे बिनव्याजी कर्जच होते. तालुक्यांची विकासानुसार वर्गवारी करून मागास तालुक्यांना अधिक सवलत ठेवण्यात आली.

योजनेचे फळ मात्र सर्वत्र सारखे मिळाले नाही. 1980च्या दशकात औरंगाबादजवळ (आताचे छत्रपती संभाजीनगर) वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना आला आणि सुटे भाग पुरवणारे लघुउद्योग त्याच्याभोवती वाढले. जिथे असा मोठा कारखाना, पाणी, वाहतूक आणि कुशल कामगार यांचा मेळ बसला नाही, तिथे केवळ सवलतीने उद्योग रुजला नाही. प्रादेशिक अनुशेष मोजण्यासाठी 1983 मध्ये वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली. तिच्या अहवालाने विदर्भ-मराठवाड्याच्या मागासलेपणाला आकड्यांचा आधार दिला.

दरम्यान उद्योग खेचण्यासाठी राज्याराज्यांत करसवलतींची चढाओढ लागली आणि तिजोऱ्यांवर ताण आला. ती थांबवण्यासाठी 2000 च्या आरंभापासून विक्रीकराच्या नव्या सवलती बंद करण्याचे राज्यांनी ठरवले. 2007 च्या योजनेत महाराष्ट्राने औद्योगिक विकास अनुदानाचा मार्ग धरला. 2017 मध्ये वस्तू व सेवा कर आल्यावर 2019 च्या योजनेत अनुदानाची सांगड राज्याच्या वाट्याच्या कराशी घालण्यात आली. सवलतीचे रूप असे बदलत गेले. मागास तालुक्याला झुकते माप देण्याचे 1964 चे सूत्र मात्र टिकून राहिले.