कर्करोगावरील जनुकोपचार–किरणोपचार जोडउपचार

गाठीत एखादे विशिष्ट जनुक पोचवून त्याच गाठीवर किरणांचा मारा करण्याची उपचारपद्धती. किरणोपचाराला आपल्याकडे रुग्ण आणि नातेवाईक ‘शेक’ किंवा ‘लाईट’ म्हणतात. प्रत्यक्षात त्यात शेकण्यासारखे काही नसते. क्ष-किरण पेशीतील डीएनएचे धागे तोडतात. १ ग्रे (किरणमात्रेचे एकक) मात्रेत एका पेशीत दोन्ही धागे एकाच ठिकाणी तुटल्याच्या सुमारे ४० जागा तयार होतात. तोंड-घशाच्या कर्करोगात बहुधा ७० ग्रे मात्रा, रोज २ ग्रे या हिशेबाने, ३५ खेपांत देतात. मात्रा आणखी वाढवली तर गाठ हटेल, पण शेजारच्या लाळग्रंथी आणि मज्जारज्जूही जायबंदी होतील. तेव्हा मात्रा आहे तेवढीच ठेवून गाठीलाच किरणांपुढे हळवी करायची, हा या जोडीमागचा विचार.

जनुक वाहून नेण्यासाठी बहुधा अ‍ॅडेनोव्हायरस वापरतात. हा सर्दी-पडशाचा विषाणू. त्याची स्वतःच्या प्रती काढण्याची क्षमता काढून घेऊन त्या जागी हवे ते जनुक बसवतात. तो शिरेतून दिला तर त्यातला बराचसा यकृतातच अडकतो, म्हणून सुईने थेट गाठीत टोचावा लागतो.

पहिली वाट पी-५३ या जनुकाची. डीएनए बिघडला की पेशीचे विभाजन थांबवणे आणि दुरुस्ती अशक्य असेल तर पेशीला मरणाच्या वाटेला लावणे, हे या जनुकाचे काम. निम्म्याहून अधिक कर्करोगांत ते बिघडलेले आढळते, आणि मग किरणांनी मोडलेली पेशीही जगत राहते. धड पी-५३ पुरवणारे ‘जेंडिसीन’ हे औषध शेन्झेन येथे तयार झाले. ऑक्टोबर २००३ मध्ये चीनने डोके-मानेच्या कर्करोगासाठी त्याला मान्यता दिली. व्यापारी वापराची परवानगी मिळालेला हा जगातील पहिला जनुकोपचार. आठवड्याला एक इंजेक्शन आणि सोबत शेक, असा त्याचा क्रम. नेहमीचा दुष्परिणाम म्हणजे दिवसभराचा ताप. मान्यता मात्र गाठ किती आटली यावर मिळाली होती. गाठ आटणे आणि आयुष्य वाढणे यांत अंतर असते, आणि पाश्चात्त्य तज्ज्ञांचा आक्षेप नेमका इथेच होता.

कल्पनेच्या दृष्टीने सर्वांत देखणा प्रयोग शिकागो विद्यापीठाचे राल्फ वाइक्सेलबाउम आणि बोस्टनचे डोनाल्ड कुफे यांचा. किरण पडताच पेशीतील ‘ईजीआर-१’ हे जनुक जागे होते. त्याला जागे करणारा डीएनएचा तुकडा, म्हणजे प्रवर्तक, या दोघांनी टीएनएफ या प्रथिनाच्या जनुकापुढे जोडला. टीएनएफ गाठीच्या रक्तवाहिन्या बुजवते आणि किरणांची मारकता वाढवते, पण सर्व शरीरात पसरले तर रक्तदाब धोकादायक उतरतो. नव्या जोडणीत ते मुख्यतः जिथे किरण पडतील तिथेच तयार होणार होते. किरण हेच औषध आणि तोच विजेचा खटका! ‘टीएनएफरेड’ नावाने त्याची स्वादुपिंडाच्या कर्करोगात ३०४ रुग्णांवर चाचणी झाली. औषध मिळालेल्या आणि न मिळालेल्या अशा दोन्ही गटांचे मध्यक आयुर्मान १० महिनेच भरले आणि २०१० मध्ये चाचणी बंद पडली. खटका बिघडला असे म्हणण्यापेक्षा, स्वादुपिंडाच्या टणक, तंतुमय गाठीत औषध नीट पसरत नाही आणि रोग बहुधा आधीच दूर पोचलेला असतो, हे कारण मला अधिक पटते.

तिसरी वाट ‘आत्मघाती जनुका’ची. नागिणीच्या कुळातील हर्पिस विषाणूचे थायमिडीन कायनेज हे जनुक गाठीत सोडतात आणि रुग्णाला व्हॅलासायक्लोव्हिरच्या साध्या गोळ्या देतात. ज्या पेशीत जनुक शिरले तिथे गोळीचे विषात रूपांतर होते. किरणांनी तुटलेला डीएनए सांधताना पेशी ही खोटी वीट उचलते आणि बांधकाम तिथेच थांबते. विष शेजारच्या पेशींतही झिरपते. त्यामुळे प्रत्येक पेशीत जनुक पोचलेच पाहिजे असे नाही. शिवाय मरणाऱ्या पेशींमुळे रोगप्रतिकारशक्ती गाठीकडे वळते.

‘सीएएन-२४०९’ हे या प्रकारचे औषध पुरःस्थ ग्रंथीत सोनोग्राफीच्या आधाराने तीनदा टोचतात आणि दर वेळी १४ दिवस गोळ्या देतात. ७४५ पुरुषांवरील तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीचे निष्कर्ष डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर झाले. सर्वांनाच शेक मिळाला होता. जनुक घेतलेल्यांत रोग उलटण्याचा किंवा मृत्यूचा धोका ३० टक्क्यांनी कमी दिसला. दोन वर्षांनंतरच्या बायॉप्सीत कर्कपेशी न सापडलेल्यांचे प्रमाण ८०.४ टक्के होते, नुसत्या शेकाच्या गटात ६३.६. मेंदूच्या ग्लायोब्लास्टोमा या कर्करोगात मात्र याच जनुकाने २००० साली प्रसिद्ध झालेल्या २४८ रुग्णांच्या चाचणीत काहीच साधले नव्हते.

या साऱ्या इतिहासात जनुकाच्या निवडीपेक्षा सुईची पोच अधिक निर्णायक ठरलेली दिसते. तोंड, मान, पुरःस्थ ग्रंथी इथे सुई जाते. यकृत-फुप्फुसभर विखुरलेल्या रोगापुढे ती हतबल असते.

महाराष्ट्रात तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग फार, म्हणून हा विषय आपल्या जवळचा. आयआयटी मुंबई व टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून आलेली, २०२३ मध्ये मान्य झालेली ‘नेक्सकार-१९’ हीदेखील जनुकोपचारच. पण तीत रुग्णाच्या टी-पेशी शरीराबाहेर बदलून परत देतात आणि ती रक्ताच्या कर्करोगासाठी आहे. भारतात चाचणीतील कोणताही उपचार सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंदवणे बंधनकारक आहे. शेकासोबत जनुकाचे इंजेक्शन कोणी सुचवले, तर पैसे भरण्याआधी तिथला नोंदणी क्रमांक मागावा.