गाडीची गवसणी

'आकाशाला गवसणी घालणं' हा वाक्प्रचार आपण सगळ्यांनीच शाळेच्या निबंधात कधी ना कधी वापरलेला असतो. पण गवसणी म्हणजे नक्की काय, असं कोणी विचारलं तर भलेभले अडखळतात. गवसणी म्हणजे साधं आवरण, खोळ. तंबोऱ्याला घालतात ती गवसणी, सतारीला घालतात ती गवसणी. म्हणजे आकाशाला गवसणी घालणारा माणूस हा खरं तर आभाळाला कव्हर शिवायला निघालेला माणूस! :)

हा शब्द आजकाल मागे पडलाय आणि त्याच्या जागी 'कव्हर' येऊन बसलंय. गाडीचं कव्हर, फ्रिजचं कव्हर, मोबाइलचं कव्हर. त्यातल्या गाडीच्या कव्हरावर आज लिहायचं आहे. पाऊस जवळ आला की आमच्या नात्यागोत्यात कोणी ना कोणी विचारतंच, "गाडीला कोणतं कव्हर घ्यावं गं?" दुकानात गेलं तर दहा प्रकार दाखवतात आणि प्रत्येकावर 'वॉटरप्रूफ' लिहिलेलं असतं. प्रश्न छोटा वाटतो, पण तो मोटारीइतकाच जुना आहे आणि त्याचं उत्तर दर तीस-चाळीस वर्षांनी बदलत गेलंय. का बदललं ते कळलं की निवड आपोआप होते, असं माझं मत.

मोटारीच्याही आधी गोष्ट सुरू होते ती जहाजांपासून. शिडाच्या जाड कापडाला डांबर फासून खलाशी मालावर झाकण घालत, तेच इंग्रजांचं टारपॉलिन. आपल्याकडे त्याला ताडपत्री म्हणतात. नावात ताडाचं पान आहे आणि ते आपल्याला परकं वाटत नाही, कारण पानांनी पाऊस अडवणं कोकणात पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. आगोटीच्या कामांत पडवीला झापं बांधायची, शेतात डोक्यावर इरलं घ्यायचं. जाड कापडाच्या बाबतीतही आपण मागे नव्हतो. मुंबईच्या डोंगरीवरून इंग्रजीत 'डंगरी' हा शब्द गेला तो तिथल्या जाड्याभरड्या सुती कापडावरून, आणि 'गनी बॅग' मधली गनी म्हणजे आपली गोणी.

१८२३ मध्ये स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिन्टॉशने दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर घालून पाणी न झिरपणाऱ्या कापडाचं पेटंट घेतलं. हे कापड थंडीत ताठ व्हायचं आणि उन्हात चिकट. पुढे चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये गंधक आणि उष्णता वापरून रबर टिकाऊ करायची रीत शोधली आणि तो दोष गेला. पण दुसरा एक दोष राहिलाच. जे कापड बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही, ते आतली वाफही बाहेर जाऊ देत नाही. रबरी रेनकोट घालून दादरचा जिना चढलेल्या कोणालाही हे वेगळं सांगायला नको. हा दोष लक्षात ठेवा, पुढे लागेल.

सुरुवातीच्या मोटारी म्हणजे घोडा काढून टाकलेल्या बग्ग्याच होत्या. वर घडीचं कापडी टप, आत चामड्याच्या गाद्या, लाकडी सांगाडा, पितळी दिवे. अमेरिकेतसुद्धा १९१९ मध्ये दहातली जेमतेम एक गाडी बंदिस्त होती. १९२७ पर्यंत हे प्रमाण उलटं होऊन दहातल्या आठांहून अधिक गाड्या बंदिस्त झाल्या. तोवर गाडी झाकायची ती मुख्यतः आतल्या चामड्यासाठी आणि लाकडासाठी. शिवाय तेव्हा ज्याच्याकडे मोटार त्याच्याकडे तबेला असायचाच. घोडे गेले आणि तबेल्याचा मोटारखाना झाला. वर पक्कं छप्पर, पुसायला नोकर. आवरण हवं ते फक्त धूळ बसू नये म्हणून, त्याला साधी सुती चादर पुरे.

मग रंगाची पाळी आली. बग्गीच्या पद्धतीने ब्रशने एकावर एक हात देत, घासत, वाळवत गाडी रंगवायला आठवडेच्या आठवडे लागत. फोर्डची मॉडेल टी १९१४ ते १९२५ फक्त काळ्या रंगात मिळायची. १९२३ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूपॉन्ट कंपनीने फवारता येणारा आणि झटपट वाळणारा 'ड्युको' रंग बाजारात आणला. आठवड्यांचं काम तासांवर आलं आणि गाड्या रंगीबेरंगी झाल्या. आपल्या गॅरेजवाल्यांच्या तोंडी हा शब्द इतका रुळला की ते 'ड्युको मारून देतो' म्हणत, मग डब्यात रंग कोणाचा का असेना. पण या जातीचा रंग उन्हात ठेवला की निस्तेज व्हायचा, पांढुरका पडायचा. म्हणजे आता गाडीचा शत्रू पावसाइतकाच ऊन झाला.

आता आपल्याकडचं बघू. मुंबईत जनरल मोटर्स १९२८ पासून गाड्या जोडत होती, पुढे फोर्डही आली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या निघू लागल्या. १९५३ मध्ये सरकारने ठरवलं की ज्यांची इथे गाडी बनवायची योजना असेल त्यांनीच राहावं, नुसती जोडणी चालणार नाही. परदेशी कंपन्यांनी गाशा गुंडाळला. पुढची तीसेक वर्षं मध्यमवर्गाच्या वाट्याला आल्या त्या तीनच: अँबॅसिडर, फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड. उत्पादन कमी, मागणी जास्त, त्यामुळे नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची. १९८३ मध्ये मारुतीची नोंदणी उघडली तेव्हा लाखाहून अधिक लोकांनी आगाऊ पैसे भरले ते काही उगाच नाही.

माझ्या मते कव्हर आपल्या संस्कृतीत शिरलं ते इथे. जी वस्तू इतकी वाट बघून मिळते ती आपण वापरत नाही, जपतो. रेडिओला भरतकामाचं कव्हर, टीव्हीला लाकडी शटर, फ्रिजच्या डोक्यावर टॉवेल, सोफ्यावर चादर आणि ती मळू नये म्हणून त्यावर आणखी एक चादर! गाडीच्या गाद्यांचं प्लास्टिक तर फाटेपर्यंत निघत नसे. आणि नेमक्या याच लोकांकडे मोटारखाना नव्हता. गाडी उभी राहायची वाड्याच्या बोळात, चाळीच्या कडेला, सोसायटीच्या आंब्याखाली. श्रीमंताला छप्पर होतं, यांना कव्हर. थोडक्यात, कव्हर हे गॅरेज नसलेल्या माणसाचं गॅरेज आहे.

माझ्या काकांचंही तसंच. बरीच वर्षं थांबून त्यांना गाडी मिळाली. नोकरी मुंबईला, घर कोकणात. निवृत्तीनंतर गाडी गावी नेली. आगोटीला घराची डागडुजी झाली की ते गाडी धुऊन लख्ख करत आणि वरून निळी प्लास्टिकची ताडपत्री गच्च आवळून सुतळीने बांधत, खालून वारासुद्धा शिरायला नको! दिवाळीच्या आसपास ती सुटायची. काही पावसाळे असे गेले. एका वर्षी ताडपत्री काढली तेव्हा गाडीवर वरून पाण्याचा थेंब पडल्याची खूण नव्हती, पण दरवाज्यांच्या खालच्या कडा बोट लावलं तर भुगा होत होत्या आणि पायाखालच्या पत्र्यातून जमीन दिसत होती. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग काकूला एवढंच म्हणाले, "अगं, मी तर तिला भिजूच दिली नाही."

हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. कारण ते खरं होतं. गाडी भिजली नाही, ती गुदमरली. रात्री पत्रा थंड होतो आणि हवेतली वाफ त्यावर दव होऊन बसते. उघड्यावर असेल तर सकाळच्या उन्हावाऱ्याने ती उडून जाते. घट्ट प्लास्टिकखाली ती जाणार कुठे? त्यात जमिनीतून वर येणारी ओल, धुऊन नीट न वाळलेल्या सांध्यांमधलं पाणी आणि समुद्राकडून येणारी खारी हवा. लोखंडाला गंजायला पाणी आणि प्राणवायू लागतो, मीठ त्याचा वेग वाढवतं. तिन्ही गोष्टी आत कोंडून आम्ही वरून गाठ मारत होतो. मॅकिन्टॉशच्या रेनकोटाचा तोच जुना दोष.

त्यावरचा उपाय पुढे कापडातूनच निघाला. १९५५ मध्ये ड्यूपॉन्टच्या प्रयोगशाळेत एका नळीतून उडणारा पॉलिएथिलिनचा पिंजल्यासारखा कापूस एका संशोधकाच्या नजरेस पडला आणि त्यातून न विणता बनणारं 'टायव्हेक' तयार झालं. ते १९६७ मध्ये बाजारात आलं. १९६९ मध्ये बॉब गोर यांनी गोर-टेक्सचा शोध लावला. कल्पना एकच: कापडात छिद्रं इतकी बारीक ठेवायची की पाण्याचा थेंब आत येणार नाही, पण वाफ बाहेर जाईल. आज 'तीन थरांचं, श्वास घेणारं' म्हणून जी कव्हरं मिळतात ती या घराण्यातली. आपल्या बाजारात सर्रास मिळणारं चंदेरी 'पॅराशूट कापडाचं' कव्हर मात्र बहुधा पॉलिएस्टरवर चंदेरी लेप दिलेलं असतं. ते ऊन छान परतवतं, पण लेप जितका दाट तितका श्वास कमी, आणि ऊन खाऊन लेप सुटू लागला की पाणीही अडत नाही.

दरम्यान शत्रू पुन्हा बदलला. १९८० च्या दशकापासून गाड्यांच्या रंगावर पारदर्शक 'क्लिअर कोट' येऊ लागला. चमक टिकते, पण हा थर साधारण केसाहूनही पातळ. धुळीच्या गाडीवर कव्हर ओढलं आणि वाऱ्याने ते फडफडत राहिलं की खालची धूळ पॉलिश पेपरचं काम करते. १९९३ मध्ये मोटार उद्योग परवानामुक्त झाला, नंबर लावणं संपलं, गाड्या वाढल्या आणि छप्परं मात्र तेवढीच राहिली.

तर निवड कशी करायची? आधी कव्हर नाही, जागा बघायची. वर पक्कं छप्पर असेल तर मऊ सुती कव्हर, धुळीपुरतं. झाडाखाली असेल तर चीक आणि कावळ्या-कबुतरांची विष्ठा हे शत्रू, तिथे आतून मऊ अस्तर असलेलं, धुता येईल असं. नुसतं ऊन असेल तर चंदेरी चालेल, पण मापाचं आणि पोटाखालून पट्टा असलेलं, फडफडता कामा नये. आणि पावसाळ्यात उघड्यावर, त्यातही समुद्राजवळ, श्वास घेणारंच. ते मिळत नसेल तर चार बांबूंवर पत्रा टाका, बाजू मोकळ्या सोडा, पण प्लास्टिक गुंडाळू नका. त्यापेक्षा गाडी भिजलेली आणि वाळलेली बरी. पुराला तर कोणतंच कव्हर पुरत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडालं तेव्हा ज्यांनी गाडी वेळेत उंचावर नेली त्यांचीच वाचली.

आणि शेवटचं, सगळ्यात स्वस्त: आठवड्यातून एकदा कव्हर काढा आणि गाडी फिरवून आणा. ब्रेक मोकळे राहतात, बॅटरी जिवंत राहते, उंदीर घर करत नाहीत, पत्र्याला वारा लागतो. तंबोऱ्याची गवसणीसुद्धा रोज काढायचीच असते. खोळीत पडून राहिलेला तंबोरा बेसूर होतो, हे गाणाऱ्या घरांत लहान पोरालाही ठाऊक असतं. नंबर लावून मिळवलेल्या वस्तूंच्या त्या पिढीने आपल्याला जपायला शिकवलं, ते चांगलंच केलं. वापरायला मात्र आपलं आपणच शिकायचं आहे.

असो. मृग तोंडावर आलाय. ज्यांच्या गाड्या निळ्या ताडपत्रीत बांधलेल्या आहेत, त्यांनी आज जाऊन निदान एका बाजूची गाठ तरी सोडावी.