जावा मॉस

जावा मॉस : गोड्या पाण्याच्या मत्स्यालयातली सर्वांत परिचित शेवाळी वनस्पती. शास्त्रीय नाव टॅक्सिफायलम बारबिएरी, कुल हिप्नेसी, मूळ प्रदेश आग्नेय आशिया. तिथे ओढ्याकाठचे ओले दगड, पडलेली खोडे आणि दमट माती यांवर ते वाढते. पाण्याबाहेर, पण कायम ओल्या जागी ते जगते. बारा महिने पाण्याखाली ठेवले तरी त्याचे काही अडत नाही. या दुहेरी सवयीमुळेच ते फिश टँकमध्ये आले आणि तिथेच रुळले.

ज्यूल कार्डो आणि कोपे या फ्रेंच अभ्यासकांनी या जातीचे पहिले वर्णन केले. पुढे जपानी शेवाळीतज्ज्ञ झेन्नोसुके इवात्सुकी यांनी ती टॅक्सिफायलम या प्रजातीत आणली. मत्स्यालयाच्या व्यवसायात मात्र कित्येक दशके ती व्हेसिक्युलारिया डुबियाना या नावाने विकली गेली. त्या नावाची जात प्रत्यक्षात वेगळी असून आता ती ‘सिंगापूर मॉस’ म्हणून ओळखली जाते. सिंगापूरमध्ये काम करणारे शेवाळीतज्ज्ञ बेनिटो टॅन यांनी एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला मत्स्यालयांतल्या मॉसचे नमुने तपासले, तेव्हा हा घोळ निस्तरला. जुन्या पुस्तकांत आणि काही दुकानांच्या पाट्यांवर ते चुकीचे नाव अजून भेटते. लागवडीच्या दृष्टीने दोन्ही जातींची निगा जवळपास सारखीच असल्याने त्यावरून हुज्जत घालण्यात अर्थ नाही.

रचना. एक फांदी पांढऱ्या बशीत थेंबभर पाण्यात पसरून भिंगातून पाहावी. दोऱ्याहून बारीक खोड, त्याला वाटेल तशा फुटलेल्या उपशाखा आणि दोन्ही अंगांना ओळीने बसलेली टोकदार पाने दिसतात. पान जेमतेम दीड-दोन मिलिमीटरचे. उजेडासमोर धरले तर ते आरपार दिसते, कारण त्याची जाडी एकाच पेशीची असते. या झाडाला खरी मुळे नाहीत. खोडावरून निघणारे तपकिरी मूलकल्प दगडाला किंवा लाकडाला चिकटून राहण्यापुरते असतात. पाणी आणि क्षार सबंध अंगाने, मुख्यतः पानांतून, शोषले जातात.

निगेचे बरेचसे नियम या रचनेतूनच निघतात. तळाच्या वाळूत पुरलेल्या खताच्या गोळ्या मॉसपर्यंत पोचत नाहीत. उलट पाण्यात विरघळलेली कोणतीही नको ती गोष्ट त्याला आधी बाधते, कारण मोठ्या वनस्पतींच्या पानांवर असतो तसा जाड मेणाचा थर इथे नसतो. तांबेयुक्त औषधे आणि ‘लिक्विड कार्बन’ म्हणून विकले जाणारे ग्लुटाराल्डिहाइडचे द्रावण यांनी मॉस पिवळे पडून विरघळू लागते. टँकमधल्या माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य यांतून मिळणारे नायट्रोजन व फॉस्फरस त्याला सहसा पुरतात. वेगळ्या खताची गरज क्वचितच भासते.

उजेड कमी असला तरी चालतो. साध्या एलईडी दिव्याचा सहा ते आठ तासांचा उजेड पुरेसा असतो. दिवा वाढवला तर मॉस थोडे वेगाने वाढेल हे खरे, पण त्याच्यापेक्षा किती तरी वेगाने शैवल वाढते. इथे अडचण प्रकाशाची नसून कार्बन डायऑक्साइडची असते. हा वायू हवेपेक्षा पाण्यात सुमारे दहा हजार पटींनी सावकाश पसरतो, आणि बहुतेक मॉसना पाण्यातले बायकार्बोनेट वापरता येत नाही. त्यांना विरघळलेला वायूच लागतो. म्हणून साचलेल्या कोपऱ्यातले मॉस रोडावते आणि फिल्टरच्या मंद प्रवाहात ठेवलेले तजेलदार राहते. बोअरवेलच्या जड, अल्कधर्मी पाण्यात ते जगते, पण वाढ रेंगाळते. सामू ५ ते ८ यांच्या दरम्यान कुठेही असला तरी ते तग धरते.

खरा प्रश्न तापमानाचा. जावा मॉसला २० ते २५ अंश सेल्सिअस सर्वांत मानवते. २८ अंशांपर्यंत फारसे बिघडत नाही. त्यापुढे वाढ थांबते, टोके तपकिरी होतात, आणि ३० अंशांवर आठवड्यामागून आठवडे गेले की गठ्ठा आतून कुजू लागतो. परदेशी पुस्तकांत हीटरचा सल्ला असतो. महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत हा सल्ला डिसेंबरातल्या काही रात्रींपलीकडे निरुपयोगी आहे. आपल्याकडे एप्रिल-मे पार पडणे हीच कसोटी. टँकचे झाकण काढून पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा लावला तर बाष्पीभवनाने तापमान दोन-तीन अंशांनी उतरते. हा उपाय पुणे, नाशिक, नागपूर अशा कोरड्या हवेच्या गावी चांगला चालतो. मुंबई, रत्नागिरी किंवा पणजीच्या दमट हवेत त्याचा जोर कमी पडतो. तिथे टँक भिंतीच्या सावलीत हलवणे आणि दिव्याचे तास कमी करणे अधिक उपयोगी. पंख्याने पाणी उडते, क्षार मागेच राहतात. घट भरून काढताना पुन्हा नळाचे पाणी ओतत राहिले तर जडपणा महिन्याभरात वाढतो, म्हणून ही भर आरओच्या पाण्याने घालावी. पाणी बदलण्यासाठी नळाचे पाणी वापरायचे असेल तर त्यातले क्लोरीन काढून टाकावे. साधे क्लोरीन बादली एक दिवस उघडी ठेवल्याने निघून जाते. क्लोरामाइन तसे जात नाही, त्याला दुकानात मिळणारे अँटिक्लोरीनच लागते.

लावणी. मॉस लावताना होणारी नेहमीची चूक म्हणजे जाड थर. मूठभर गठ्ठा लाकडावर ठेवून दोऱ्याने आवळला की पहिल्या दिवशी तो भरगच्च दिसतो, पण खालच्या फांद्यांना उजेड आणि वाहते पाणी मिळत नाही. त्या कुजतात, पकड सुटते आणि वरचा हिरवा भाग एक दिवस सबंध तरंगत वर येतो. त्याऐवजी गठ्ठ्याचे कात्रीने बोटाच्या पेराएवढे तुकडे करावेत आणि खालचा लाकडाचा रंग दिसत राहील इतके विरळ पसरावेत. त्यावरून काळा सुती दोरा तिरके वेढे देत गुंडाळावा. सुती दोरा काही आठवड्यांत कुजून जातो. तोवर नव्या फांद्यांचे मूलकल्प लाकडात रुतलेले असतात. दगड गुळगुळीत असेल तर नायलॉनचा मासेमारीचा दोरा बरा. घाई असणारे सायनोॲक्रिलेट जातीचा गोंद वापरतात. ‘फेविक्विक’ त्याच कुळातला. टिपके अगदी लहान द्यावेत, कारण पाण्यात गोंद पांढरा पडतो आणि त्याखालचा मॉसचा भाग मरतो. जाळीवर लावून ‘मॉसची भिंत’ करायची असल्यास जाळी स्टेनलेस स्टीलची घ्यावी, तांब्याची किंवा पितळेची नको.

पहिले तीन-चार आठवडे काहीच घडत नाही असे वाटते. जुने तुकडे किंचित तपकिरीही पडतात. नवी वाढ फिकट पोपटी टोकांच्या रूपाने दिसते आणि ती दिसली की लावणी जमली असे धरावे. त्यानंतर दर महिना-दीड महिन्याने छाटणी लागते. छाटणीच्या आधी फिल्टर बंद करावा आणि कापलेले तुकडे नळीने लगेच ओढून घ्यावेत, नाही तर ते फिल्टरच्या तोंडाशी अडकतात आणि उरलेले टँकभर रुजतात. पाण्याखाली या जातीला बीजुकाशय येताना दिसत नाहीत. बाजारात मिळणारे सारे जावा मॉस असे तुकड्यांपासूनच वाढवलेले असते.

मॉसची जाळी पाण्यातला गाळ गाळून स्वतःत साठवते. आठवड्यातून एकदा हाताने पाणी हलकेच हलवून तो उडवावा. सुटे लाकूड असेल तर टँकमधूनच काढलेल्या पाण्याच्या बादलीत विसळावे. गाळ साचू दिला की मागोमाग शैवल येते. धाग्यासारखे हिरवे शैवल फांद्यांत इतके गुंतते की ते वेगळे करणे जवळजवळ अशक्य. सुरुवातीलाच जुन्या टूथब्रशवर गुंडाळून ओढून काढावे. त्यापुढे गेले असेल तर स्वच्छ टोके कापून नव्याने लावावीत आणि बाकीचा गठ्ठा टाकून द्यावा. रसायने ओतण्यापेक्षा हे स्वस्त पडते. अमानो कोळंबी हे शैवल खाते. तिला हे नाव ज्यांच्यावरून मिळाले ते ताकाशी अमानो (१९५४–२०१५) म्हणजे मॉस, दगड आणि लाकूड यांच्या मांडणीतून निसर्गदृश्य उभे करणाऱ्या मत्स्यालयशैलीचे जपानी प्रवर्तक.

उपयोग. शोभेपलीकडे या मॉसचे सर्वांत मोठे काम प्रजननाच्या टँकमध्ये असते. झेब्रा डॅनिओ, टेट्रा, बार्ब हे मासे अंडी विखरून टाकतात आणि संधी मिळाली की स्वतःच खातात. तळाशी मॉसचा सैल थर असला की अंडी फटींतून खाली जातात आणि मोठ्यांचे तोंड तिथवर पोचत नाही. पिल्ले बाहेर आल्यावर मॉसवरचे सूक्ष्मजीव हे त्यांचे पहिले अन्न ठरते. चेरी कोळंबी पाळणाऱ्यांच्या टँकमध्ये तर मॉस हवेच. कोळंबीची पिल्ले दिवसभर त्याच्या पानांवरचा सूक्ष्म थर खरवडत असतात. गोल्डफिश आणि मोठे सिक्लिड मात्र ते उपटतात किंवा खातात.

मुंबईत क्रॉफर्ड मार्केट आणि कुर्ला इथल्या मत्स्यालय-साहित्याच्या दुकानांत ते सहज मिळते. घेताना गठ्ठा उलटून पाहावा. आतला भाग काळपट आणि वास कुजका असेल तर वरच्या हिरवेपणाला भुलू नये. आणलेले मॉस वेगळ्या भांड्यात आठवडाभर ठेवले तर गोगलगायी आणि त्यांच्या अंड्यांचे जेलीसारखे पुंजके वेळीच दिसतात. ‘मॉस बॉल’ म्हणून मिळणारा मखमली गोळा हे मॉस नव्हे. ते एगाग्रोपिला नावाचे शैवल आहे. २०२१ साली अमेरिकेत विक्रीसाठी आलेल्या अशा गोळ्यांत झेब्रा शिंपले सापडल्याने ते दुकानांतून मागे घ्यावे लागले होते. पावसाळ्यात कंपाउंडच्या भिंतीवरून खरवडलेले मॉसही टँकमध्ये घालू नये. भिंतीवरच्या जाती जमिनीवरच्या आहेत. पाण्याखाली त्या थोड्याच दिवसांत कुजतात आणि पाणी नासवतात.

छाटलेले जावा मॉस ओढ्यात, तळ्यात किंवा विहिरीत टाकू नये. नखाएवढ्या तुकड्यापासूनही ते नव्याने वाढते, आणि त्यात लपलेल्या गोगलगायी व त्यांची अंडी त्याच्याबरोबर बाहेर पडतात. दोन दिवस कडक उन्हात वाळवून मगच ते कुंडीतल्या मातीत मिसळावे.